दुपारचे लोक

“दुपार होऊ द्या,” असं म्हणून भाऊ तोंडाभोवती गुंडाळलेल्या दुपट्ट्याचं टोक कानामागे खोचायचे आणि एकदा मागे वळून पाहायचे. मागे कोणी नसायचं. तरी पाहायचे. मग आवाज एवढा खाली न्यायचे की मला काउंटरवरून अर्धा बाहेर लोंबून ऐकावं लागे. “दोन वाजता टेम्पो बोलावजा. त्याच्या आधी नाई.”

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. भाड्याने खोल्या मिळवून देणारा. त्याचं ऑफिस म्हणजे दुसऱ्याच्या दुकानापुढचा बाक, आणि त्या दुसऱ्याने त्याला बस म्हटलेलं नसतं. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला माझं कूलरचं दुकान आहे. बाक माझा, बसायचे भाऊ. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. आडनाव कोणाला माहीत नव्हतं. गावभराची आडनावं ज्याच्या पोटात, त्याचं आडनाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. एकदोघांनी आडून आडून विचारून पाहिलं, तेव्हा “दुपार होऊ द्या,” हेच उत्तर मिळालं.

भाऊ भित्रे होते. साधे भित्रे नव्हेत, नामांकित. फुगा फुटला तर ते माझ्या दुकानात शिरून कूलरच्या खोक्यामागे उभे राहायचे. फोन वाजला तर आधी फोनलाच नमस्कार करायचे. गल्लीतलं कुत्रं त्यांच्या अंगावर भुंकत नसे, कारण त्यालाही म्हणे लाज वाटे.

अकोल्याचं ऊन पाहिलं नसेल तर त्यांचा धंदा तुम्हाला समजायचा नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी माणसाची सावली त्याला सोडून माझ्या दुकानात येऊन बसते. मी स्वतः अशा काही सावल्या हाकलल्या आहेत. एका बाईने वाळत घातलेली चादर काढायला उशीर केला, तर दोरीवर नुसते काठ उरले. अशा वेळी गल्लीतलं प्रत्येक दार बंद, प्रत्येक खिडकीत कूलर घुमतोय, आणि प्रत्येक माणूस त्याच्यापुढे आडवा. बाहेर खून झाला तरी लोक म्हणतील, ऊन उतरलं की पाहू. जागे दोघंच. कूलरवाला मी, आणि भाऊ.

याच वेळेला भाऊ भाडेकरू आणायचे.

घरमालक कधीच जात विचारत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. ते फक्त म्हणतात, “आमचं काही म्हणणं नाही हो, लोक तेवढे साधे पाहिजेत.” साधे म्हणजे कोण, हे घरागणिक वेगळं. एका घरी साधे म्हणजे मटण न खाणारे, दुसऱ्या घरी साधे म्हणजे आपल्यातले, तिसऱ्या घरी साधे म्हणजे नवरा सोडलेली बाई नको. भाऊंना प्रत्येक घराचा साधेपणा पाठ. पण पाठ असूनही ते अधूनमधून अगदी उलटा माणूस नेमका त्या घरात नेऊन बसवायचे. दुपारी दोनला सामान उतरवायचं. आल्याबरोबर बाईने चार कपडे धुवून दोरीवर टाकायचे, दारात चपला ओळीने मांडायच्या, आणि चुलीवर काही असो नसो, लसणाची फोडणी द्यायची. पाच वाजता गल्ली डोळे चोळत बाहेर आली की कपडे वाळलेले, चपला धुळकटलेल्या, वास घरभर. गल्लीला वाटायचं, हे लोक इथलेच.

“माणूस येताना दिसला का लोकं इचारतात,” भाऊ मला म्हणाले होते. “आलेला दिसला का नाई इचारत.”

मी म्हटलं, “मग एवढं भिता कशाला?”

“एखांद्या दिवशी कोनाले झोप नाई लागली तं?”

संध्याकाळी त्याच बाकावर शहराचं निदान व्हायचं. नळ आमच्याकडे इतक्या दिवसांनी येतो की पोरं त्याला पाहुणा समजून पाया पडतात. रस्त्यात खड्डे असे की एका खड्ड्यात मागच्या निवडणुकीचा प्रचार अजून ऐकू येतो. तर मग अकोला मागे का आणि अमरावती पुढे का, हा रोजचा विषय. (अमरावतीला माझी बहीण असते; तिथल्या बाकांवर अमरावती मागे का आणि नागपूर पुढे का, हा विषय असतो.) निवृत्त प्राध्यापक होते, आमचे सर, त्यांचं म्हणणं, सगळा प्रश्न संस्कृतीचा. लोकांना वळण नाही. हे सांगताना ते पानाची पिंक माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात टाकायचे, पण वळणाने. किराणावाले काका म्हणायचे, लोकं कोण आहेत त्यावर सगळं असतं. “त्या बाजूचे लोक आले अन् गाव बिघडलं.” बाजू दाखवायला ते हात लांब करायचे, हात सोमवारी स्टेशनकडे असला तर मंगळवारी नदीकडे असायचा. तिसरे डाळमिलमधले जुने कामगार पुढारी. ते म्हणायचे, जात नाही आणि वळण नाही, पैसा आहे. ज्याच्या गल्लीत पैसा त्याच्या गल्लीत पाणी. हे ऐकून सर मान हलवायचे, काका हात हलवायचे, आणि माझा चहा तिघे मिळून संपवायचे.

भाऊ बाकाच्या टोकाला. एकदा सरांनी त्यांना विचारलं, तुम्ही तर घराघरांत शिरता, तुमचं काय मत? भाऊंनी मागे वळून पाहिलं.

“मले का समजते सर. मले तं साऱ्यायचंच भेव लागते.”

आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. माझं हसणं बाळापूरपर्यंत जातं.

त्या उन्हाळ्यात भाऊंनी धारणीकडचं एक कुटुंब आणलं. कोरकू आदिवासी. मेळघाटच्या रस्त्यावरून जीपमध्ये हाडं मोजत आलेलं. नवरा एका गोदामावर चौकीदार, बायको वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायची, आणि एक मुलगी, अजून नीट बोलत नव्हती एवढी. घराचे मालक अमरावतीला मुलाकडे. फोनवर म्हणाले, साधे लोक द्या. भाऊंनी दिले. टेम्पो दोनला आला. सामान म्हणजे दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी, बांबूची टोपली. बाईने कपडे दोरीवर टाकले, फोडणी दिली. संध्याकाळी गल्ली उठली आणि त्यांच्यावरून नजर फिरवून गेली. काम झालं.

एकच गोष्ट होती. आईबाप दोघं काळेसावळे, आणि पोरगी गोरी. डोळे घारे. कोणा आजी-पणजीवर गेली असेल. आपल्या घरातलं पोर असं निघालं तर आपण पेढे वाटतो.

मग फोनवर तो व्हिडिओ आला. पोरं पळवणारी टोळी आली आहे म्हणे. एका रस्त्यावर लोक कोणाला तरी मारतायत, एक बाई किंचाळतेय. त्या व्हिडिओतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नारळाची झाडं होती. अकोल्यात नारळ फक्त देवळात दिसतो. पण भ्यालेल्या माणसाला झाड दिसत नाही. दोन दिवसांत सगळ्यांनी तो सगळ्यांना पाठवला, आणि जो तो दुसऱ्याकडून आला म्हणून खरा मानू लागला. पोरांचं बाहेर खेळणं बंद झालं. मोर्शीहून दर उन्हाळ्यात माठ विकायला येणारा म्हातारा आला, त्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवलं. माठात पोर मावतं, असं कोणीतरी म्हणालं. मी त्याच्याकडून दरवर्षी माठ घेतो. त्या दिवशी मी कूलरचा पंप दुरुस्त करत होतो आणि तो पंप फारच बिघडलेला होता.

आणि एका संध्याकाळी, लाइट गेलेली, वारा मेलेला, सगळी गल्ली घामाने चिडलेली, तेव्हा ती पोळ्यावाली बाई खानावळीतून परत येत होती. कडेवरची पोर खाली उतरून कुल्फीसाठी रस्त्यात लोळली. आईने जे कोणतीही आई करते ते केलं. दंडाला धरलं आणि ओढत घरी नेलं. पोर गळा फाडून रडत होती.

गोरं पोर, रडतंय. काळी बाई, ओढतेय. एवढंच कोणीतरी गच्चीवरून पाहिलं.

ही बातमी माझ्या बाकापर्यंत आली तेव्हा भाऊ दुपट्ट्याआडून चहा पीत होते. कप-बशी अशी वाजायला लागली की मला वाटलं कुल्फीवालाच आला. “गल्लीवाले म्हणून राहिले,” बातमी आणणारा म्हणाला, “हे लोकं आले केव्हा? कोनीच पाहिलं नाई. रातीतून घुसले म्हणतात.”

भाऊंनी कप खाली ठेवला. मी त्यांना पाणी दिलं.  आयुष्यभराचं त्यांचं कसब त्या एका वाक्यात उलटून त्यांच्या अंगावर आलं होतं, हे त्यांना माझ्याआधी समजलं.

“शेठ,” ते म्हणाले, “मले भेव लागून राहिलं.”

“मग बसा इथंच,” मी म्हणालो. सल्ला प्रामाणिक होता.

“बसून बी लागूनच राहिलं ना,” असं म्हणून ते उठले.

मी शूर माणूस आहे. तरुणपणी मी मेळघाटात वाघाला रस्ता विचारलेला आहे. पण त्या संध्याकाळी त्यांच्यामागून जाताना माझे गुडघे असे वाजत होते की पुढचे लोक लेझीम आली म्हणून बाजूला होत होते.

त्या दारापुढे गर्दी. आमचीच. रोज दूध आणणारी, कूलरची वाळ्याची ताटी बदलून मागणारी, ओळखीची माणसं. फक्त चेहरे कोणीतरी बदलून लावल्यासारखे. काकांच्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा. सर सगळ्यांत पुढे, आणि म्हणत होते, “आपण शांतपणे, सुसंस्कृतपणे विचारू,” आणि बोलता बोलता दारावर मूठ आपटत होते. पुढारी आपल्या गच्चीवर उभे राहून, गरीब माणूस असं करणार नाही, असं गरिबाच्या बाजूने खाली सांगत होते. जिना मात्र त्यांनी आतून बंद केलेला होता. नवरा गोदामावर. आत बाई आणि पोर. पोरीचं रडणं एकदम थांबलं, आणि ते थांबणं रडण्याहून वाईट होतं. कोणीतरी म्हणालं, तोंड दाबलं वाटतं. मागून एकाने दगड उचलला. मी त्याला ओळखतो. त्याच्या घरी दोन कूलर माझे आहेत.

भाऊ गर्दीतून वाकून, कोणाचा पाय, कोणाची काख चुकवत ओट्यावर चढले. दाराला पाठ लावली. आतून, अगदी फटीशी तोंड लावून, बाई बोलली. आवाज बारीक होता, पण पुढच्या सगळ्यांना ऐकू आला.

“भैया, बाहर कितने लोग हैं?”

भाऊंनी गर्दीकडे पाहिलं. 

“कोई नहीं, बाई,” ते म्हणाले. “सब अपने ही हैं.”

मग त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला. इतक्या वर्षांत तो चेहरा मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. साधा होता. घामाने भरलेला.

“यायले मी आनलं,” ते म्हणाले.

“केव्हा?” काका म्हणाले. “आमी तं पाहिलं नाई.”

“दुपारी.”

“दुपारी काहून? चोरावानी?”

 भाऊंनी काकांकडे पाहिलं.  त्यांनी हात जोडले आणि अगदी गयावया करत विचारलं, “काका, तुमच्या वरच्या खोलीत तुमची सून अन् पोरगा राह्यले आले, ते केव्हा आलते? सामान मीच उतरवलंतं ना?”

काकांचा आकडा खाली आला. त्यांच्या सुनेचं माहेर कुठलं, हे गल्लीत कोणी विचारलेलं नव्हतं. कधी आली, हेही कोणी पाहिलेलं नव्हतं.

भाऊ सरांकडे वळले. “सर, तुमी अमरावतीहून आलते. वहिनी आजारी होत्या. लोकं इचारतील म्हणून तुमी मले म्हणाले होते...”

“दुपारी,” सर मध्येच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “आम्ही दुपारी आलो होतो.”

मग भाऊंची नजर फिरली. दगडवाल्यावर आली. त्याने दगड खाली टाकला नाही, हळूच खिशात घातला. पँट एका बाजूला खाली आली. नजर पुढे सरकली. कोणाचा घटस्फोट, कोणाचं वेडं झालेलं भावंड, कोणाचं घरात चोरून खाल्लेलं मटण, कोणाचं बदललेलं आडनाव. भाऊंनी यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. ते नुसतं एकेकाला विचारत होते, “तुमी केव्हा आलते, दादा? तुमी?” आवाज धमकीचा नव्हता. भीक मागितल्यासारखा होता. आणि ती सगळी गर्दी त्या एका थरथरणाऱ्या माणसाला भिऊन मागे सरत होती. मला विचारायच्या आत मी माझ्या चपलांकडे पाहायला लागलो. माझं काय होतं ते विचारू नका. तुम्हीही कुठेतरी भाड्याने राहिलाच असाल.

एवढ्यात लाइट आली. सगळ्या गल्लीतले कूलर एकदम घरघरले, जणू दोनशे म्हशी एका वेळी हंबरल्या. लोकांनी सुटकेने एकमेकांकडे पाहिलं. कोणी म्हणालं, पंप कोरडा चालत असेल. कोणी म्हणालं, पोरगं एकटं आहे घरात. आणि गल्ली रिकामी झाली.

भाऊ ओट्यावरच बसून राहिले. दार उघडलं नाही. ते म्हणाले, “गेले, बाई,” तरी उघडलं नाही. बऱ्याच वेळाने नवरा सायकलवर आला आणि त्यांच्या भाषेत काही बोलला, तेव्हा आतली कडी सरकली. पोर आईच्या खांद्यावर होती. जागी. आईचा पदर तिच्या तोंडात कोंबलेला नव्हता, तिनेच दातात गच्च धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बाकावर निदान झालं. सर म्हणाले, शेवटी आपली संस्कृतीच कामी आली. काका म्हणाले, इथले लोक चांगले म्हणून, दुसरीकडे असते तर बाई जिवंत राहिली नसती. पुढारी म्हणाले, लाइट आली म्हणून वाचली. कूलर नसलेल्या गल्लीत काय झालं असतं विचार करा. तिघांचंही मला पटलं. मी फार पटून घेणारा माणूस आहे. भाऊ बाकाच्या टोकाला होते. त्या दिवशी प्रथमच त्यांच्याशेजारी कोणी बसलं नाही. तिघे उभ्यानेच चहा प्यायले.

धारणीचं कुटुंब त्याच आठवड्यात परत गेलं. भाऊंनी टेम्पोचं विचारलं, तर नवरा नको म्हणाला. गाठोडी डोक्यावर घेऊन सकाळी सकाळी स्टँडकडे चालत गेले. पोर मागे तोंड करून आमच्याकडे पाहत होती. कोणीतरी खिडकीतून तिला टाटा केला. तिने केला नाही.

मग भाऊंना खोल्या मिळेनात. मालक म्हणायचे, सध्या रिकामी नाही. रस्त्यात लोक समोरून आले की त्यांना पलीकडच्या बाजूला काम निघायचं. जन्मभर सगळ्या गल्लीला भ्यालेला हा माणूस, आणि आता सगळी गल्ली त्याला भ्यायला लागली. या गोष्टीची भाऊंना सगळ्यांत जास्त भीती वाटली. “शेठ,” मला म्हणाले, “मी कोनाचं सांगनार नाई हे त्यायले कोन सांगन?” मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही, माझ्या सांगण्यावर गल्लीत कोणाचा विश्वास आहे?

एक दिवस त्यांनी सांगितलं, अमरावतीला चाललो, पुतण्याकडे. मी म्हटलं, “दुपारी दोनला टेम्पो सांगू?”

“नाई,” ते म्हणाले. “सहाला.”

सहा म्हणजे सगळी गल्ली ओट्यावर. पाणी शिंपडलेलं, खुर्च्या टाकलेल्या. टेम्पो त्यांच्या खोलीपुढे उभा राहिला आणि भाऊ एकेक वस्तू दोन्ही हातांनी उंच धरून बाहेर आणू लागले, लिलावात दाखवतात तशी. दुपट्टा गळ्यात, चेहरा उघडा. सगळे माना वर करून पाहत होते. भांड्यांवर नाव असेल, तसबीर असेल, एखादं पुस्तक, एखादा झेंडा, देव असेल, दिवा असेल. निघालं ते असं: माझ्याकडूनच घेतलेला जुना कूलर, गॅसची शेगडी, दोन गाद्या, स्टीलचे डबे, शिंप्याच्या दुकानाचं कॅलेंडर ज्यावर शर्टाचं चित्र होतं, आणि एक माठ. मोर्शीवाल्या म्हाताऱ्याचा. त्याला परत पाठवलं त्या दिवशी भाऊ गल्लीच्या तोंडापाशी जाऊन घेऊन आले असतील.

सगळं चढल्यावर ते टेम्पोच्या पायरीवर उभे राहिले. मागे वळून पाहायची सवय होती त्यांची. या वेळी त्यांनी समोर पाहिलं, आमच्याकडे.

“पाहून घ्या राजेहो,” ते म्हणाले. “मंग नका म्हनू, कोनी पाहिलं नाई.”

टेम्पो कोपऱ्यावरून वळला. सर खुर्ची ओढत माझ्याजवळ आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अगदी भाऊंसारखा आवाज खाली नेऊन विचारलं, “काही समजलं का?”

“काय?”

“भाऊ. कोणते लोक होते ते?”

“दुपारचे,” मी म्हणालो.

 सर खुर्ची उचलून आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग शेजारच्या दाराची. मग त्याच्या शेजारच्या. संध्याकाळ होती, वारा सुटला होता, पोरं खेळायची वेळ होती. मी थोडा वेळ बाकावर बसून पाहिलं. मग मीही शटर ओढलं.